सात मिनिटं एक्केचाळीस

लिआ गाइझर वरच्या कुरणावरून खाली आली,
बुटांचा बर्फ माझ्या उंबऱ्यावर झटकला,
रुमालाची गाठ सोडली
आणि टेबलावर एक क्रोनोग्राफ ठेवला.
"बंद पडलंय. पण हा काटा हलवू नकोस, एदमे."

मधला लांब काटा एक्केचाळीस सेकंदांवर.
उजवीकडच्या छोट्या तबकडीत सात मिनिटं.
तिचा नवरा जाऊन अकरा महिने झाले.
"काय मोजत होता?"
"मला काय ठाऊक! सगळंच मोजायचा.
गाईच्या दोन कळांमधलं अंतर.
रविवारची प्रार्थना.
मी पुलापासून दारापर्यंत चढायला किती वेळ लावते ते.
एकदा मी रुसून गप्प बसले, तेसुद्धा."

ती गेली. मी भिंग डोळ्याला लावलं.
तबकडी कधीकाळी काळी होती;
साठ उन्हाळ्यांनी तिला भाजून
चेस्टनटच्या सालीवर आणलंय.
आकड्यांवरचा उजेड विझलाय.
झाकणाच्या आतल्या बाजूला
आमच्या धंद्याच्या सह्या, सुईनं कोरलेल्या तारखा:
१४ मार्च एकसष्ट. अ. सि.
चाराचा आकडा उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा.
बाबा.

दुकानात बॅटरीची घड्याळं आहेत, कधी चुकत नाहीत.
त्यांना माझी गरज नसते, मलाही त्यांची नाही.
याला रोज सकाळी कुणाचा तरी
अंगठा आणि तर्जनी लागते.

आणि आत ते,
ज्याच्यापायी मी दुकानाला कुलूप लावत नाही:
मसुराएवढं चाक, त्यावर सहा खांब.
वरचं बटण दाबलं की खांब एक पाऊल सरकतो,
तरफ पोकळीत पडते, दात दातांत शिरतात,
काटा निघतो. निघताना जरासा दचकतो.
आवाज म्हणाल तर
झाडीत दूर कुणाच्या तरी पावलाखाली
गोठलेली काटकी मोडावी, तेवढाच.

त्याच्याखाली हृदय.
मी कविता करत नाही, त्या भागाचं नावच ते आहे.
पोलादाचं, बदामी आकाराचं.
खालचं बटण दाबा:
एक हातोडी नेमकी हृदयावर बसते
आणि काटा असेल तिथून, एका झेपेत, शून्यावर.
इतक्या मायेनं घातलेला घाव
मी दुसरीकडे पाहिला नाही.

लिआला सांगायला हवं होतं
की वंगण मधासारखं घट्ट झालंय,
ते पुसायचं तर काटे उपसावेच लागतात.
नाही सांगितलं.
कागदावर पेन्सिलीनं लिहिलं: ७, ४१.
चार दिवस तिच्या नवऱ्याची ती वेळ
माझ्याकडे तेलाच्या बाटलीखाली दबून होती.

पाचव्या रात्री सगळं जोडलं.
बटण दाबलं आणि बसून राहिले.
समोरच्या घराचा मुलगा पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होता,
पाच पायऱ्या झाल्या, अंगण झालं.
कॉफीवर साय धरली.
कुणाची वाट पाहत नसताना
सात मिनिटं फार असतात.
बेचाळिसावर थांबला.
पुन्हा शून्य. पुन्हा पहिल्यापासून.
दुसऱ्या खेपेला बरोबर एक्केचाळीस.

लिआनं आधी ते कानाला लावलं, मग डोळ्यांसमोर धरलं.
मी म्हटलं, "काटा तिथेच आहे, पण वेळ आता माझी आहे.
त्याची पुसली गेली."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
(मोजला नाही मी.)
मग तिनंच खालचं बटण दाबलं,
जाड, भेगाळलेल्या अंगठ्यानं,
किल्ली पूर्ण भरली
आणि पैसे ठेवून निघून गेली.

संध्याकाळी फोन.
धापा, मागे गाईंच्या घंटा.
"पुलापासून दारापर्यंत
सव्वीस मिनिटं, नऊ सेकंद.
आणि तो जन्मभर सांगत आला,
अर्धा तास लावतेस म्हणून!
लबाड मेला."