डावा हात

तिसा नदीपलीकडच्या सपाट मुलखात
आमची उबवणी. बाहेर सूर्यफुलांचं शेत,
आत खिडकी नाही.
दोनशे वॉटचा एक दिवा, त्याखाली माझे हात.

पिल्लू उचलायचं, अंगठ्याने शेपटीखाली हलकं दाबायचं,
मोहरीएवढा उंचवटा दिसतो का बघायचं.
दिसला तर नर. डावीकडे.
नाही दिसला तर मादी. उजवीकडे.
तासाला हजार.
डाव्या हाताचा मळ, म्हणायचे सगळे.
बोटांना आधी कळायचं, मला मागाहून.

उजवीकडे भोकं पाडलेली कागदी खोकी.
डावीकडे पत्र्याचं नरसाळं.
त्याच्या खाली काय आहे
ते कोवेश मुकादमाने पहिल्या दिवशी दाखवलं.
म्हणाला, एकदा बघून घ्या, परत बघू नका.
सव्वीस वर्षं मी शब्द पाळला.

त्यावर घराला कौलं आली,
डेनेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
गेर्गो व्हिएन्नाला शिकला,
आणि शिकून आला तो दूध न पिणारा, अंडं न खाणारा,
मधाच्या बरणीकडेही संशयाने बघणारा.

मी चिडले. म्हटलं, बटाट्याच्या रश्श्यात
डुकराची चरबी नाही घालायची तर घालायचं काय, पुण्य?
तो हसला. भांडला असता तर बरं होतं.
विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने
माझे तास, माझे दिवस, माझी वर्षं गुणत बसला
आणि उत्तर आलं तेव्हा त्यानेच ते खोडलं.
मी पाहिलं होतं. दीड कोटी.
आमच्या अख्ख्या देशात एवढी माणसं नाहीत.

"उजवीकडच्या तरी वाचवल्या ना मी," मी म्हटलं.
तो म्हणाला, "कशासाठी, आई?"

उघड्या वहीएवढ्या जागेत
दीड वर्ष उभं राहून अंडी घालायची,
मग सूप.
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, ते दानाचं.
माझा उजवा हात कुठे काय दान करत होता?

एक मात्र गेर्गोला सांगितलेलं नाही.
शंभरात दोन चुकायची मुभा होती.
तिसऱ्या चुकीला पगार कापायचे.
माझ्या कधी कधी तीन व्हायच्या, थंडीत;
आई गेली त्या आठवड्यात चार.
मग कुठल्यातरी शेडमधून फोन यायचा,
तुमच्या कोंबड्यांतली एक आरवतेय.
कोवेश शिव्या द्यायचा.
मी मान खाली घालून ऐकायचे
आणि आतल्या आत, कुणाला दिसणार नाही असं,
काहीतरी पिसं झटकून उभं राहायचं.

दया होती का ती? नाही. चूक होती.
दया म्हणण्याएवढी मी धीट नव्हते.

आता तिथे यंत्र आलंय, कवचातूनच ओळखतं.
गेर्गो म्हणतो, प्रश्न तेवढाच नव्हता.
डेनेश म्हणतो, तू झोपेत पांघरूण चाचपतेस,
डावीकडे, उजवीकडे.

मार्चमध्ये सेगेडच्या इस्पितळात लीव्हिया बाळंत झाली.
नर्स कापडात गुंडाळलेलं ते कोमट बाहेर घेऊन आली.
"मुलगा," म्हणाली,
आणि माझा डावा हात आधी पुढे झाला.

गेर्गोने पाहिलं.
एरवी शिकवल्याशिवाय न राहणारा तो,
काही न बोलता माझा उजवा हात धरून
त्याने बाळाच्या डोक्याखाली ठेवला.

टाळू भरली नव्हती अजून.
माझ्या अंगठ्याखाली ती उडत होती.
मी अंगठा उचलून घेतला.