हस्तांतर

समितीच्या दालनात पाण्याचा ग्लास होता, वर कागदी टोपी.
डेलबर्ट टॅडलॉकनं ती काढली,
मग पुन्हा घातली.

विमानांत तेल भरायचो, म्हणाला, एकोणीस वर्षं.
कॅरोलायनातलं पाइनचं रान, त्यात एकच धावपट्टी.
रात्री हरणं येऊन उभी राहायची तिच्यावर,
जीप नेऊन हाकलावी लागत.
त्या रात्रीही हाकलली.

पांढरं विमान. नाव नाही, शेपटीवर नुसता आकडा.
माणसं सभ्य. कॉफी मागितली, सुटे राहू दे म्हणाली.
दार उघडं होतं म्हणून दिसलं,
सीटवर डायपरचं पाकीट,
मोठ्या माणसांचं.
मला वाटलं कुणाचे तरी वडील असतील,
आजारी, घरी चाललेत.
माझेही तेव्हा अंथरुणाला खिळलेले.
मी म्हटलं, सांभाळून न्या.

इथं तो थांबला.
टंकलेखिकेची बोटं यंत्रावर तशीच,
त्यासाठी त्यावर कळ नव्हती.

सहा वर्षांनी पेपरात तोच आकडा.
खाली फोटो. झियाद तरबीन,
माझ्याहून बराच धाकटा.
बेकरीत कणीक मळायचा,
आता उजवी मूठ वळत नाही.

मग विधेयक वाचलं गेलं. कलम दोन, पोटकलम अ:
जिथं छळ होतो अशा कोणत्याही देशाकडे
बंदिवानाचं हस्तांतर करता येणार नाही.

हस्तांतर.
किती हात धुऊन आलेला शब्द.
या हातापासून त्या हातापर्यंतचं अंतर,
नऊ हजार किलोमीटर,
रात्रीचं, डोळ्यांवर पट्टी,
आणि मध्ये कुणाचाच हात नाही.

एका सदस्यानं चष्मा पुसत विचारलं,
त्या देशानं लेखी हमी दिली तर?
सहीची, शिक्क्याची?

मीही पावती दिली होती, साहेब, डेलबर्ट म्हणाला.
शिक्क्यासकट.
इंधन नऊशे गॅलन, कॉफी चार.
पावतीत सगळं खरं होतं.

कुणी हसलं, मग खोकल्यासारखं केलं.

दुपारी एक सुधारणा आली, एकाच शब्दाची:
‘करता येणार नाही’च्या आधी ‘शक्यतो’.
अध्यक्ष म्हणाल्या, विरोधात असतील त्यांनी हात वर करा.
बाहेर गवत कापायचं मशीन चालू होतं,
त्यांना दोनदा सांगावं लागलं.

मागच्या बाकावर डेलबर्टचाही हात वर गेला,
खांद्यापर्यंत,
नखांत अजून काळं.

मोजणाऱ्यानं तो धरला नाही.