खाली

उणे अकरा. फॅरनहाइटमध्ये, म्हणजे कशातही थंडच.
दे मॉइनहून साडेतीन तास गाडी हाकली.
शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला तबला,
मिरजेहून मेहुण्याच्या बॅगेतून आलेला, नव्या पुडीचा,
माझ्याच लोकरी टोपीत गुंडाळून.
माझे कान उघडे.

डेकोरा. कॉलेजचं जुनं चॅपल,
बाकांच्या पाठीला स्तोत्रांची लाल पुस्तकं.
स्टेजवर पाच पोरं. त्यातला एक माझा यशोधन,
इथे नुसता डॅन.
"काळी दोन," तो सांगतो.
"ई फ्लॅट," टेरेल सॅक्सोफोन पुसत म्हणतो.
"तेच ते."
पियानो वरबापासारखा,
जागचा हलत नाही, सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं.

रेडिएटर खडखडतो. पुडी सुकत जाते, सूर चढत जातो.
दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर
यशोधन हातोडी काढतो,
गजऱ्याला खालून टक्, फिरवून टक्, पुन्हा टक्.
लोकांना वाटतं, हाही वाजवण्याचाच भाग.
शिट्ट्या. टाळ्या.
सूर लागलेला असतानाही तो एक ठोका जास्तीचा मारतो,
लबाड.

मग जोग.
अभिरामी दोन्ही गंधार घेते, एक जाताना, एक येताना,
आणि टेरेल त्या दोघांमधल्या फटीत शिरून बसतो.
त्याची आत्या चर्चमध्ये गाताना
म्हणे इथेच रेंगाळायची,
पाद्री घड्याळ बघेपर्यंत.

मी तबला शिकलो नाही.
थोरल्याची शिकवणी पडवीतून ऐकली, चपला राखत.
तेवढ्या पुंजीवर हात अजून चालतो मांडीवर:
टाळी, टाळी, खाली, टाळी.
खालीला तळवा उलटा, हवेत.
हे हाताला ठाऊक, मला विचारू नका.

पलीकडच्या रांगेत एक म्हातारा,
बियाण्यांच्या कंपनीची हिरवी टोपी,
जॅकेटच्या बाहीवर पेंढ्याची काडी.
त्याला वाटलं, मी त्याला हात केला.
त्यानंही केला.

सोळा मात्रांनी पुन्हा मी. पुन्हा तो.
चौथ्या आवर्तनाला तर माझ्याआधी.
बाकी सगळं चॅपल टाळ्या पिटत होतं,
बरोबर खालीवर, सगळ्यात जोरात तिथेच,
आणि त्या गदारोळात
खाली पाळणारे आम्ही दोघे,
त्यातल्या एकाला ती पाळतोय हे माहीतच नाही.

नंतर पार्किंगमध्ये माझी गाडी नुसती खाकरली.
केबल घेऊन तोच आला. ओले, बेस वाजवणाऱ्या इंग्रिडचा आजोबा.
बॉनेट उघडता उघडता म्हणाला,
"आपण भेटलोय का कुठे? तुम्ही सारखे हात करत होतात."
मी सांगायला तोंड उघडलं,
तीनताल, नववी मात्रा, रिकामी घ्यायची असते ती.
वाफच तेवढी निघाली.
"भेटलो असू," म्हणालो.
"चेहरा ओळखीचा आहे खरा," त्यानं बॅटरीला चिमटा लावला.

गाडी सुरू झाली.
शेजारची सीट मोकळी, पट्टा मात्र तसाच लावलेला.
त्याचा ट्रक पुढे निघाला,
वळणावर काच उतरली,
एवढ्या थंडीत,
आणि हात बाहेर आला.