घसारा

प्रज्योतच्या दुकानात तो पातळ लॅपटॉप उचलला
आणि हात आपोआप वर गेला,
भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी तसा.
"किलोच्या आत आहे, बाई."
मी बोलण्यावर कुठे विश्वास ठेवते,
माझा धंदाच पावत्या बघण्याचा.
शेजारच्या काजूवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावला.
नऊशे नव्वद.
काजूवाला म्हणाला, "आमच्या एक नंबर गरापेक्षा
हा बराच महाग पडला."

माझा जुना दोन किलो सहाशे. चार्जरची वीट वेगळी.
नऊ वर्षं डाव्या खांद्यावर.
एस्मेराल्दा ब्लाऊजचं माप घेताना विचारते,
ही बाजू खाली कशानं गेली?
मयेच्या सोसायटीनं, मी सांगते,
सर्वणच्या बेकरीनं, पिळगावच्या दोन बार्जांनी.
ती टेप फिरवून पुन्हा मोजते.
अर्धा इंच.

प्रज्योत भला मुलगा. विकायचं सोडून म्हणाला,
"चतुर्थीपर्यंत थांबा.
नवा प्रोसेसर येतोय, दीडपट वेगवान, वजन तेवढंच.
आत्ता घेतलात तर मागून मलाच शिव्या द्याल."

थांबा हा शब्द आमच्या डिचोलीत जपून वापरावा.
शाणू मळीक थांबला होता.
खाणी पुढच्या मोसमात सुरू होतील म्हणून
टिपर विकला नाही. मग त्याच्या पुढच्या मोसमात.
त्याची वही माझ्याकडे.
दरवर्षी मी टिपरवर घसारा लावत गेले,
शंभराचे सत्तर, सत्तराचे एकोणपन्नास,
चाकांतून घाणेरी वर आली, तिला फुलं आली,
आणि कागदावर टिपर थोडा थोडा उरतच राहिला.
शाणू विचारायचा, "अजून किती आहे गो माझा?"
मी आकडा सांगायचे.
माणसाच्या थांबण्यावर किती टक्के धरायचे
त्याचा रकाना मला कुठल्याच फॉर्मात सापडला नाही.

पण खरं सांगायचं तर मला वेगाचीही भीती वाटते.
जुन्याला फाइल उघडायला साडेतीन मिनिटं लागतात.
चक्र गोल फिरत राहतं, पंखा घरघरतो,
आणि समोरचं माणूस बोलू लागतं.
बेकरीतली एर्मेलिंदा अशीच एकदा म्हणाली,
मुलगा स्विंडनहून रोज व्हिडिओ करतो, हसतो,
पण जेवलास का विचारलं
की कॅमेरा भिंतीकडे वळवतो.
सोसायटीच्या सचिवांनी तर चक्राकडे बघत बघत
खताच्या तीन पोत्यांचं कबूल केलं.
मी काही विचारलंच नव्हतं.

दीडपट वेग म्हणजे हे सगळं तेवढंच उणं,
असं मनात आलं, आणि हसूही आलं.
खांद्याला बाम चोळत बाई
मंदपणाची आरती ओवाळतेय.

मार्चची एकोणतीस. सारमानसचा धक्का.
फेरीबोट पलीकडे टोंकाला, मध्यभागी पाणी,
आणि बार्जांचं खातं अजून जुळलेलं नाही.
कठड्यावर बसून प्रज्योतला फोन लावला.
"काट्यावर ठेवलेला तोच ठेव माझ्यासाठी."
"पण बाई, वेग..."
"वेग कुणी मागितला? मला वजन उतरवायचंय."
"हासुद्धा तुमच्या जुन्यापेक्षा पाचपट तरी पळेल हं."
हे मात्र माझ्या हिशोबात नव्हतं.
"मग बेकरीत मी तो जरा उशिरा उघडीन," म्हटलं.
त्याला काही कळलं नाही. त्यानं बिलावर नाव विचारलं.

फेरीबोट लागली, फळी खाली आली,
आणि नेमकं तेव्हा जुन्याला अपडेट आठवलं.
चौतीस टक्के. कृपया बंद करू नका.
शेवटची इच्छा म्हणायची.
मग मी तो तसाच उघडा, दोन्ही हातांवर,
नैवेद्याचं ताट न्यावं तसा घेऊन चढले.
स्कूटरवाल्यांनी वाट दिली.
पहिल्यांदाच पिशवी खांद्यावर नव्हती,
तरी मी डावीकडेच झुकून उभी.