व्यवसाय : गृहिणी

यादीत एकशे बारावी : नलिनी खानविलकर, वय एकसष्ट,
डावी बाजू, ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी.
दांडिया बाजारातून आत, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे,
दुसरा मजला, जिन्यात दिवा नाही.

चहाला नाही म्हणायचं नाही,
हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

पहिली पाळी कितव्या वर्षी. मुलं किती.
अंगावर किती महिने पाजलं.
केस रंगवता का. लोणचं कशात भरता.
जवळचा कारखाना घरापासून किती किलोमीटर.
त्या तुरीच्या शेंगा सोलत सांगत होत्या,
शेंगांकडे न बघता, माझ्याकडेही न बघता.

प्रश्न सव्वीस. व्यवसाय?
"काही नाही. घरीच."
मी सातावर गोल केला. सात म्हणजे गृहिणी.
सात असेल तर फॉर्म सांगतो :
थेट प्रश्न एकोणचाळीसवर जा.
मधले बारा, म्हणजे रंग, द्रावक, धूळ, हातमोजे,
ज्यांना पगार होता त्यांच्यासाठी.

मी पान उलटलं.
"आणि यांचं काही नाही विचारणार?"
हे भिंतीवर होते. चष्मा, सफारी, चंदनाचा हार.

"नंदेसरीला, रंगाच्या कंपनीत. बावीस वर्षं.
बस फतेगंजला सोडायची,
आणि जिन्यात पाऊल वाजण्याआधी वास वर यायचा.
कधी पिवळे, कधी जांभळे, कानाच्या पाळीपर्यंत.
शेजारचे हसायचे, खानविलकरांकडे रोजच धुळवड.
ते कपडे मशीनमध्ये नाही घातले मी कधी,
मुलांच्या गणवेशाला डाग पडायचे.
आधी गॅलरीत झटकायचे, दोन्ही हातांनी.
मग मोरीत, वेगळी बादली.
तीनदा पाणी बदललं तरी चौथं निळंच.
धाकटीच्या लग्नात बांगड्या भरताना कासारीण म्हणाली,
हात कशात बुडवले होते गं?
पुढून ब्लाउज भिजलेला असायचा.
तो काय बदलायचा रोज. अंगावरच वाळायचा."

फॉर्मला यासाठी जागा नव्हती.
समासात लिहिलं : बावीस वर्षं. हातानं. झटकून.
समास संपत आला तसं अक्षर बारीक केलं.

मग तो प्रश्न, जो माझ्या कागदावर नसतो
आणि प्रत्येक घरात असतो :
"त्यानंच झालं का हो?"

मला पाठ आहे ते म्हटलं.
एका बाईचं नाही सांगता येत, काकू.
हजारो जणी मोजल्या तर कळतं, जोखीम वाढते का,
किती वाढते. तेही अंदाजानं.

त्यांनी दाण्यांतली एक अळी बोटानं बाजूला केली.
"म्हणजे मी एकटी पुरत नाही."
राग नव्हता त्यात. गिरणीवाल्यानं
पिठात पावशेर घट दाखवावी, तसं.

रक्त घेताना उजवा हात पुढे केला, आपणहून.
डावा देत नाहीत, त्यांना माहीत होतं.
नळीवर नाव नसतं, फक्त ११२.
ती बर्फात ठेवली, पेटी बंद केली.
"यांच्यासमोर नको होतं बोलायला," त्या हळूच म्हणाल्या,
"तिथंच अंघोळ करून येतो म्हणायचे बिचारे.
पण गेटजवळच्या त्या नळाला पाणी कुठं होतं."

सोमवारी मीटिंगमध्ये मी हात वर केला.
पाहणी अर्ध्यावर आली आहे, सर म्हणाले,
आता प्रश्न वाढवला तर आधीच्या जणी तुलनेतून जातील.
बरोबरच होतं त्यांचं. मी सांख्यिकी शिकले आहे.

रात्री गठ्ठा काढून बसले.
सात. सात. तीन, शिक्षिका. सात. सात.
एकशे बारांत अठ्ठ्याऐंशी सात,
आणि प्रत्येकीला मीच म्हटलेलं,
चला, तुमचे बारा प्रश्न वाचले.

रविवार माझा असतो.
छाणी रोड, यादीतलं पहिलं घर. कडी वाजवली.
आतून नळाचा आवाज बंद झाला.
"कोण?"
मी हो, सर्वेवाली. एकच राहिलं होतं विचारायचं,
कपडे कुणाकुणाचे धुता?