जवळची

लॅक्लननं किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून सरकवला,
"तूच सगळ्यात जवळची, नायरी."
म्हणजे गाडीनं सात मिनिटं.
दुसरं कुठलं जवळपण त्याच्या मनात नव्हतं,
बोट केव्हाच गाडीमागे जोडून झाली होती
आणि पोरं आत बसून हॉर्न वाजवत होती.

चोवीस डिसेंबर, टिमारू, दुपारचे तीन.
पत्र्यावर ऊन तडतडतंय. कारखाना नऊ जानेवारीपर्यंत बंद.
आम्ही खिडक्यांच्या चौकटी बनवतो
आणि मागच्या नाताळात चोर खिडकीतूनच आला.
हसू नये, पण विम्याचा माणूससुद्धा हसला.

म्हणून यंदा मी
गल्ल्याचा खण बाहेर ओढून उघडाच ठेवला,
काचेतून डोकावणाऱ्याला दिसू दे
की आत फक्त एक रबरबँड आहे.
कचऱ्याचे डबे आत घेतले, कुणाला आयती पायरी नको.
शिडीला साखळी.
फेलेतीनं त्याच्या पटाश्या टॉवेलात गुंडाळून
तान्ह्या बाळासारख्या घरी नेल्या,
कुलपावर त्याचा विश्वास नाही, माझ्यावर आहे की नाही
ते मी विचारलं नाही.
टपालवाल्या पोराला सांगितलं, पत्रं माझ्याकडे टाक;
तुंबलेली पेटी गावभर बोंब मारते
की मालक घरी नाहीत.
फोनवरचा निरोप तीनदा बोलले.
"नऊ तारखेला भेटू" काढून टाकलं,
"सध्या सगळे कामात आहेत" असं म्हटलं,
आणि खरं वाटावं म्हणून मागे करवत चालू ठेवली.
इतकं चोख खोटं
मी नवऱ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

शेवटी अलार्मचे चार आकडे.
ते इथेही लिहिणार नाही.

नाताळच्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन.
ऑकलंडच्या नियंत्रण कक्षातली बाई, झोपाळलेली, सभ्य:
"आत हालचाल दिसतेय. एकटीनं आत जाऊ नका."
ताटात हॅमचा तुकडा होता, तो तसाच.
सपाता बदलायचं सुचलं नाही.
कारखान्यासमोर गाडीत दारं लावून बसले,
बंदराकडून वारा, धक्क्यावर एकच दिवा,
आणि आत, आमच्या काचेमागे,
काहीतरी चंदेरी, संथ, छातीच्या उंचीवर,
या टेबलाकडून त्या टेबलाकडे जाणारं.
मला भीती वाटली. पण खरं सांगू,
राग जास्त आला. डबे मी आत घेतले होते!

पोलिसांची पोरगी आली पंचवीस मिनिटांनी,
डोक्यावर फटाक्यातला कागदी मुकुट, विसरलेला.
मीही आठवण केली नाही.
दिवे लावले.
निरोपाच्या पार्टीतला फुगा.
गॅस निम्मा उतरलेला,
धुराड्याच्या झुळकीवर तरंगत
तो रंध्याच्या यंत्रापाशी थांबला, मग कटरपाशी,
मुकादमासारखा,
कोण किती काम टाकून गेलंय ते बघत.

यादीत सगळं होतं, फक्त फुगे नव्हते.
"फोडून टाका," पोरगी म्हणाली,
आणि वहीत लिहिलं: घुसखोर, एक.

आकडे पुन्हा दाबले. दार ओढून पाहिलं.
दोरा सीटबेल्टला बांधून त्याला घरी आणलं;
पुरावा म्हणून, असं स्वतःला सांगितलं.
लॅक्लनला कळवलं, सगळं ठीक.
त्यानं सकाळी एक अंगठा पाठवला.

आता फुगा स्वयंपाकघरात असतो,
रोज बोटभर खाली येतो.
काल रात्री पाणी प्यायला उठले
तर हा मागच्या दाराशी, माझ्या गुडघ्याएवढा,
कडीकडे तोंड करून उभा.

मी कडी तपासली.
लागलेली होती. तरी पुन्हा एकदा.