नालांची उधारी

पुण्यात दोन गाद्या झाल्या त्या सालात
बेलापुरात भाता एकच होता
आणि तो मी ओढायचो.
बावा नाल ठोकायचा. दाऊद नालबंद.
घोड्याचा खूर मांडीवर घेऊन असा बसायचा
की वाटावं, कुणाचं तरी तापलेलं पोर निजवतोय.

दसऱ्यानंतर लष्कर आलं. आपलं होतं,
असं पदाजी पाटलाने सांगितलं.
बाहत्तर घोडी. चार दिवस ऐरण थंड झाली नाही.
पागेच्या कारकुनाने निम्मे पैसे मोजले,
निम्म्यांची चिठ्ठी दिली:
माघात देऊ.
प्रत्येक नालाच्या टाचेला बावाने
छिन्नीने तीन टिंबं मारली होती.
दुसरी सही आम्हाला येत नव्हती.

माघ लागला.
आगरात मिठाची पहिली साय धरू लागली
आणि एका पहाटे, ओहोटी पुरती बसलेली असताना,
ते पनवेलच्या अंगाने बांधावरून आले.
एकामागे एक, कारण बांध तेवढाच रुंद.
पुढे वाट फुटली तसे पसरले,
थेट खाचरांत, सायीवरून.
किल्ल्यातल्या हवालदाराने दिंडी आतून लावून घेतली.
अडसर सरकल्याचा आवाज मी ऐकला.
साऱ्या गावाने ऐकला.

हर हर महादेव, ते ओरडले.
दसऱ्याला आलेलेही हेच ओरडत होते.
पागोटी तीच, शिव्या घाटावरच्याच.

पोशा आगरी फावडं घेऊन उभा होता.
कुणाचे रे तुम्ही, एकाने विचारलं.
पोशा म्हणाला,
"आमी मिठाचं."
पहिला स्वार हसला.
त्याच्या मागचा हसला नाही.

पुढे सगळं भराभर झालं.
एकोणीस पोती भात, गोविंदशेट वाण्याचा गूळ,
सोनाराकडची तागडीसुद्धा.
तरीच्या दोन होड्या पेटवल्या;
ओल्या लाकडाने पेट घेतला नाही,
नुसता धूर धरला दुपारपर्यंत.
कोळवाड्यातल्या बाया तिवरांत गळ्याइतक्या चिखलात बसल्या,
पोरांच्या तोंडात पदराचे बोळे.

मग एक स्वार लगाम धरून चालत आमच्या झापाशी आला.
घोडी पुढल्या उजव्या पायाने लंगडत होती.
बावाने खूर उचलला. चिखल पुसला.
बराच वेळ पाहिलं.
मग मला बोलावलं आणि बोटानेच दाखवलं:
तीन टिंबं.

"ही घोडी दसऱ्याला इथेच होती," बावा म्हणाला.
"होती. तेव्हा आम्ही तिकडे होतो."
"चिठ्ठी आहे माझ्याकडे."
स्वाराने चिठ्ठी धुराकडे धरली, उलटी,
ओठ हलवले वाचल्यासारखे,
आणि परत दिली.
"ती त्यांच्याकडे माग."

मी भाता ओढला. नाल लाल झाला, वाकला, बसला.
सात खिळे.
शेवटचा खिळा जवभर आत धरला असता
तर पारसिकाचा डोंगर दिसायच्या आत ती बसली असती
आणि मागून येणाऱ्यांना सापडली असती.
मी बावाच्या हाताकडे बघत होतो.
खिळा सरळ गेला.

रात्री मा ने विचारलं. दोनदा विचारलं.
पोशाची बायको शेजारच्या झापात रडत होती,
सूर न लावता, लाकूड कापल्यासारखं.
बावा म्हणाला,
"खूर गरम होता गं."

तिसऱ्या दिवशी आपले आले.
बंडखोरांची जनावरं कुणी बांधली, विचारलं.
पाटील जमिनीकडे बघत राहिला, म्हणजे त्याने सांगितलंच.
दंड म्हणून ऐरण नेली. चौघांना उचलेना,
तर आमचेच बैल जुंपले,
आणि बैलही मग आले नाहीत.

पुढे गादी एकच झाली म्हणतात.
कुणाची, ते बावाने विचारलं नाही,
कोयते परजत परजत म्हातारा झाला, गेला.
खाऱ्या वाऱ्याने चिठ्ठीवरची अक्षरं उडाली,
आकडा तेवढा राहिलाय.
कधी ओहोटीला तिवरांखाली नाल सापडतो, गंजून पापुद्रा झालेला.
अंगठ्याने टाच चाचपतो.
टिंबं लागली तरी कळत नाही,
तो येताना पडला की जाताना.

भाता आहे अजून.
नातवंडं दाबतात, वारा येतो,
आणि समोर काही नसतं.